निळ्या मण्यांची माळ

(आषाढातली सकाळ, साल १९९१. सूपा धरणात गाव बुडाल्यावर रामनगरच्या बाजूला रानात येऊन वसलेली चौदा घरांची वाडी. रुक्माच्या पडवीत तिची अकरा वर्षांची पुतळी घोंगडीवर पडली आहे. तिची दातखीळ बसली आहे. उशाशी रुक्मा, पायथ्याशी रुक्माचा सासरा धाकलू.)

धाकलू : न्हाई तर द्येवी कशाला गूळ मागंल गो? तीन सांजा झाल्या. हात कापत्यात, झंपर घामानं भिजतंय, डोळं भलतीकडंच लागत्यात आनि म्हनती, गूळ द्या. ते काय पुतळी बोलती? पुतळीला तुझ्या घरात गूळ मागायचं धाडस तरी हाय का?

रुक्मा : द्येवीनं कोंबडं मागावं, मामंजी. नारळ मागावा. मागंल ते देईन. गूळ न्हाई.

धाकलू : द्येवीसंगं घासाघीस करतीस?

रुक्मा : करते. माजी पोर हाय.

धाकलू : तुझी एकटीची?

रुक्मा : तसं न्हाई म्हनले मी. तिचं पाय चोळा जरा. गार पडल्यात.

धाकलू : चोळतोय की मघापासनं. पाय चोळून दात उघडत न्हाईत. रुक्मे, तू शपथ सुटली म्हन. एवढंच म्हन. मी शेजारच्या फुलाकडनं गूळ आनतो आनि द्येवीच्या तोंडाला लावतो. ती निघून जाईल, पोर मोकळी हुईल.

रुक्मा : मी न्हाई म्हननार.

धाकलू : शपथ तूच घातलीस, सोडायचीबी तूच. दुसऱ्या कुनी म्हनून सुटत न्हाई, न्हाई तर मी कवाच म्हनलो असतो. सातेरीद्येवीच्या म्होरं चौदा घरांस्नी भंडारा उचलाय लावलास. पुतळीच्या तोंडात जो गोड घालंल त्याच्या हातानं पुतळी मेली, असं एकेकाकडनं वदवून घेतलंस. माझ्याकडनंबी घेतलंस. माझ्या पांढऱ्या केसाकडं बघितलं न्हाईस.

रुक्मा : केसाकडं न्हाई बघितलं, कनवटीकडं बघितलं. कनवटीला खडा बांधून कोन आनत हुतं तिला?

धाकलू : एकदा आनला.

रुक्मा : आनि त्या सांजंला नळी वीटकरी झाली. म्हनं एकदा.

धाकलू : बरं, चुकलं माझं. मग आज तुझी ती नळी काय म्हनती? उकळलीस का?

रुक्मा : उकळली की, पहाटंच. निळ्या औषधात मुताचं आठ थेंब घातलं, दिव्यावर धरलं. रंग हाललासुदिक न्हाई. निळं ते निळंच. म्हंजी साखर न्हाई. आज बारा दिस न्हाई. सकाळचा मनी निळा, सांजंचा मनी निळा. तिचा रोग माझ्या मुठीत आलाय, मामंजी, आनि आता हे काय नवं निघालं? मिरगी म्हनावी तर आपल्यात कुनाला न्हाई.

धाकलू : म्हनून तर मी म्हनतोय, द्येवी हाय. रोग तू मुठीत धरलास, द्येवी धरता येती व्हय?

रुक्मा : पुतळीचा बापबी न्हाई घरात. ह्या पावसात कुळगीच्या रानात बसलाय बांबू तोडत.

धाकलू : परशू असता तर काय केलं असतं? तुझ्या तोंडाकडं बघत बसला असता, माझ्यासारखा. नर्सबाई शाळंच्या बाईंकडं उतरल्यात म्हनून बायजाला धाडलंय मी. येतील. आल्याच बघ त्या, छत्री दिसती.

सुशीला : सरका, मला बसू दे. कधीपासून अशी पडलीय?

रुक्मा : अक्का, तुमी हाईसा व्हय? मला वाटलं कालच रामनगरला गेलासा.

सुशीला : साकवावरून पाणी जातंय, त्यामुळं अडकले. लस टोचायला आले ती इथंच राहिले. कधीपासून, ते सांग.

रुक्मा : आता मघाशीच. पहाटे सुई दिली, मग अर्धी भाकर खाल्ली आनि माझ्यासंगं रोप लावाय आली. तास-दोन तास चिखलात हुती, रोपाच्या मुठी आनून द्यायची. मग म्हनाली, आये, पाय कापत्यात. मी म्हनलं, घरला जाऊन पड. मी येऊन बघते तर उंबऱ्यात पडल्याली.

सुशीला : अर्धीच भाकर का?

रुक्मा : जास्ती खाल्ली की साखर चढती न्हवं.

सुशीला : अंग घामानं भिजलंय आणि गार आहे. नाडी पळतेय. साखर चढल्यावर तोंडाला येतो तो आंबूस वास नाही. पुतळी, ए पुतळी. ऐकू येत नाही हिला. अप्पा, तिला कुशीवर करा, असं. मान खाली येऊ दे. रुक्मा, सुई किती दिलीस?

रुक्मा : दिली, रोजच्यावानी.

सुशीला : रोजच्यासारखी म्हणजे इन्सुलिनच्या चौदा रेघा?

धाकलू : बोल की. दातखीळ पोरीची बसलीया, तुझी न्हाई.

रुक्मा : वीस.

सुशीला : वीस कुणी सांगितल्या तुला?

रुक्मा : कुनी न्हाई सांगितल्या. बेळगावच्या डॉक्टरांनी माझी माळ हातात धरली, अक्का. मला लिहाय येत न्हाई म्हनून तुमीच शिकवलासा मनी ओवाय. निळ्याला निळा, हिरव्याला हिरवा, पिवळा, लाल. त्यांनी ती लांब धरली आनि दुसऱ्या डॉक्टरास्नी दावली. म्हनालं, बघा, आईनं किती नीट केलंय. मग मला म्हनालं, पन ह्यात लाल फार झाल्यात. असंच चाललं तर पोरीचं डोळं जातील, मूतपिंड जाईल. पुढच्या खेपंला मला निळी माळ दाव. मी येताना एसटीत सगळी वाट त्या लाल मन्यांकडं बघत बसले. प्रत्येक लाल मनी म्हंजी तिच्या डोळ्यातला एक थेंब गेला, असं वाटायचं.

सुशीला : आणि सुई वाढवायची तर विचारून वाढवा, हे नाही सांगितलं त्यांनी?

रुक्मा : सांगितलं. विचाराय बेळगावला जायाचं म्हंजी एक दीस जायाला, एक दीस यायाला. मीच वाढवल्या. दोन रेघा वाढवल्या तर पिवळा आला. आनि दोन वाढवल्या, हिरवा आला. मग आनि दोन. आनि मग निळा आला, अक्का. तवापासनं निळाच येतोय. ही बघा, गळ्यात हाय माझ्या.

सुशीला : दिसली मला माळ. मागच्या खेपेला मीच पाहिली होती. पहिले चार-पाच निळे मणी बघून मी तुझी पाठ थोपटली. रेघा किती देतेस, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पाप माझंही आहे यात.

धाकलू : म्हंजी काय म्हनतासा, बाई? द्येवी न्हाई ही?

सुशीला : नाही, अप्पा. देवी नाही, साखर आहे. साखर संपलीय तिच्या अंगातली. बायजानं वाटेत थरथरीचं आणि गुळाचं सांगितलं. रोज संध्याकाळी जी थरथर यायची ती हीच. तुम्ही गूळ द्या म्हणत होता ना, ते कारण चुकीचं होतं, पण मागणं बरोबर होतं.

रुक्मा : नळी निळी हाय, अक्का. तुमी स्वता बघा, कोनाड्यात ठेवलीया.

सुशीला : निळी असणारच. रुक्मा, नीट ऐक. लघवीत साखर उतरली तर नळीचा रंग बदलतो. उतरली नाही की निळी. रक्तात बेताची असली तरी निळी आणि रक्तात अजिबात उरली नाही तरी निळीच. याच्या खाली नळीला रंगच नाही. ही मरायला टेकली तरी नळी निळीच सांगणार.

रुक्मा : मग बारा दिस...

सुशीला : ते नंतर. आधी गूळ आण. साखर असली तर साखर. चटकन.

रुक्मा : घरात न्हाई. गूळ न्हाई, साखर न्हाई, मध न्हाई. माजा ल्योक लखू गेला त्या सालापासनं माझ्या घरात गोड चढलं न्हाई. सनाला पुरनसुदिक न्हाई.

सुशीला : माझ्या पिशवीतली मीठ-साखरेची पाकिटं मागच्याच आठवड्यात हगवणीला वाटून संपली. रामनगरला न्यायची म्हटलं तर साकव पाण्याखाली. शेजारी कुणाकडं असेल ना? पळा, अप्पा.

धाकलू : मी जातो. पन मिळंल असं वाटत न्हाई. हिनं वाडीला काय करून ठेवलंय ते तुमास्नी ठाव न्हाई.

सुशीला : काय केलंस?

रुक्मा : शपथ घातली. पुतळीच्या डोक्यावर हात ठिवून.

सुशीला : अगं बाई.

रुक्मा : लखूला हाच रोग हुता, अक्का. तवा आमाला कुठं म्हाईत? नऊ वर्सांचं पोर, घागर घागर पानी प्यायचं आनि वाळत चाललेलं. शेवटल्या दिवशी म्हनाला, आये, तोंड सुकलंय. मी गुळाचं पानी केलं, लिंबू पिळलं. गोड लागतंय म्हनाला. तांब्याभर प्याला. सांजंला गेला. नंतर बेळगावचे डॉक्टर म्हनालं, ह्या रोगाला गोड म्हंजी इख. मी माझ्या हातानं इख पाजलं त्याला. आनि तुमी म्हनताय, हिलाबी पाज.

सुशीला : लखूला झालं ते याच्या उलटं होतं. त्याच्या रक्तात साखर मावत नव्हती आणि सुई नव्हती. तुझ्या तांब्यानं तो गेला नाही, सुई मिळाली नाही म्हणून गेला. हिला सुई मिळालीय, नको इतकी मिळालीय, आणि पोटात अर्धी भाकर आहे. हिला आत्ता गूळ हेच औषध आहे.

रुक्मा : तुमी खात्रीनं सांगता?

सुशीला : माझ्या पोरीला झालं असतं तर मी हेच केलं असतं. आणि तुला खरं सांगते, केलं तरी ती उठेल की नाही याची खात्री मला नाही. न केलं तर उठणार नाही याची आहे.

धाकलू : बाई, फुला गूळ घिऊन कुंपनाशी उभी हाय.

सुशीला : मग आणा की.

धाकलू : देत न्हाई. मूठ गच्च धरलीया. म्हनती, माझ्या हातानं पोर मेली तर मी कुठं तोंड दावू. रुक्मानं सुटली म्हनलं तरच देते. आनि रडाय लागलीया. म्हनाली, सकाळी रोपाकडनं येताना पुतळी तिच्या दारात थांबली हुती. मावशे, इवलासा गूळ दे, म्हनाली. हात कापत हुते पोरीचे. फुलानं दार लावून घेतलं आनि आत बसून रडली.

रुक्मा : मागितला हुता तिनं?

धाकलू : मागितला. तू वाडी अशी बांधून ठेवलीस की पोरीनं जीव वाचवाय हात पसरला तरी तिला कोन देनार न्हाई.

सुशीला : मी नाही घेतली शपथ. मी जाऊन तिच्या मुठीतून काढून आणते. अप्पा, तुम्ही हिला असंच कुशीवर धरा.

रुक्मा : थांबा, अक्का.

सुशीला : थांबायला वेळ नाही आता.

रुक्मा : तुमी हिसकावून आनला तर आजच्यापुरतं हुईल. उद्या पानी उतरलं की तुमी जाशीला. मामंजी, कोनाड्यातला भंडारा द्या माझ्या हातात. फुला, ए फुला, ऐकतीस न्हवं? सातेरीच्या म्होरं घातलेली शपथ सुटली. सुटली. सुटली. पुतळीला काय झालं तर ते माझ्या डोक्यावर, तुझ्या न्हाई. टाक कुंपनावरनं. मामंजी, झेला.

धाकलू : आला. हा घ्या, बाई. पावसानं ओला झालाय.

सुशीला : ओलाच बरा. कुस्करून दे. पाणी तोंडात ओतू नका, घशात जाईल. हे असं बोटावर घ्यायचं आणि गालाच्या आत, हिरड्यांवर चोळायचं. दात उघडायची गरज नाही. रुक्मा, तू कर, माझ्या बोटांपेक्षा तुझी बोटं बारीक आहेत.

रुक्मा : असं, अक्का?

सुशीला : असंच. चोळत राहा.

रुक्मा : लखू, बाबा, तुझ्या बहिनीला सांभाळ रे. मी पुन्यांदा तेच करतीया.

धाकलू : गप चोळ गो. लखूला कशाला बोलावतीस, त्याला ऱ्हाऊ दे तिथंच.

सुशीला : थोडं थोडं. आणि थोडं. खालच्या गालात.

रुक्मा : कायबी हालत न्हाई.

सुशीला : वेळ लागतो.

रुक्मा : किती?

सुशीला : माहीत नाही. दहा मिनिटं. वीस. बोलत राहा तिच्याशी, नाही तर माझ्याशी बोल.

रुक्मा : तुमच्याशी काय बोलू? बारा दिस मी ती निळी माळ गळ्यात घालून वाडीत मिरवले, अक्का. फुलाला दावली, बायजाला दावली. जिला भेटंल तिला दावली. आनि पोर सांजंला कापत हुती, तर मी म्हनत हुते, गप पड, साखर चांगली हाय तुझी. नळीवर विश्वास ठेवला आनि पोरीवर न्हाई ठेवला.

सुशीला : नळी दिवसातून दोन वेळा बोलते. तेही मागचं सांगते, तीन-चार तासांपूर्वीचं. बेळगावात आता बोटातल्या रक्ताच्या थेंबावर आकडा सांगणारं यंत्र आलंय, पण तेही टोचलं त्या घटकेचंच सांगतं. मधल्या वेळात काय चाललंय ते कुणीच सांगत नाही. दिवसरात्र अंगाला चिकटून बसेल आणि खाली चालली की ओरडेल, असं काहीतरी निघायला पाहिजे.

रुक्मा : मी बसते की चिकटून. काय बघायचं तेवढं सांगा.

सुशीला : घाम. कारण नसताना घाम. हात कापणं, एकदम भूक, भलतंसलतं बोलणं, चिडणं, डोळे एकटक. यातलं काही दिसलं की नळी उकळत बसायचं नाही. आधी गूळ, मग भाकर, मग नळी. सुई उद्यापासून पुन्हा चौदा रेघा. साकव मोकळा झाला की मी डॉक्टरांना फोन करून पुढचं विचारते. आणि माळ मला सगळी निळी नको. दिवसाआड एखादा हिरवा मणी दिसू दे. हिरवा म्हणजे थोडी शिल्लक आहे, एवढं समजायचं.

रुक्मा : डॉक्टर रागावतील.

सुशीला : त्यांना मी सांगेन. त्यांनी निळी मागितली, पण रिकामी नव्हती मागितली.

धाकलू : बाई, तिनं गिळलं.

सुशीला : काय?

धाकलू : घसा हालला. मी बघितला. ह्यो बघा, पुन्हा.

सुशीला : जबडा सैल होतोय. रुक्मा, बोट काढ, चावेल ती.

रुक्मा : चावू दे.

सुशीला : पुतळी, डोळे उघड. कोण आहे बघ इथं.

पुतळी : आज्या.

धाकलू : मी न्हाई गो एकटा, तुझी आयबी हाय. माझंच नाव पयलं घेतलंस, आता हिला जेवान गोड लागायचं न्हाई.

पुतळी : आये, तोंडात काय हाय?

रुक्मा : गूळ हाय.

पुतळी : थुकू?

रुक्मा : न्हाई. गीळ.

पुतळी : शपथ हाय न्हवं.

रुक्मा : सुटली. मीच म्हनले सुटली.

पुतळी : खोटं. फुलामावशी म्हनाली, शपथ हाय, दिला तर तू मरशील. म्हनून मी मागंच फिरले.

रुक्मा : तवा हुती. तू उंबऱ्यात पडलीस तवाबी हुती. आता न्हाई. हा घे, आनि येक खडा. तुझ्या हातानं खा.

पुतळी : तुझा हात गार पडलाय, आये.

सुशीला : सावकाश चाव. मग पेज देऊ, भात देऊ. आज पोटभर. अप्पा, चूल पेटवता का? आणि अजून तासभर हिला झोपू देऊ नका, मी इथंच आहे. पुन्हा खाली जाऊ शकते.

धाकलू : पेटवतो. पयल्यांदाच कुनी मला ह्या घरात चुलीवर काय चढवाय सांगतंय. रुक्मे, तू कुठं निघालीस?

रुक्मा : इरलं द्या माझं.

धाकलू : एवढ्या पावसात? पोर आता कुठं डोळं उघडतीया.

रुक्मा : अक्का हाईत तिच्याजवळ. फुलाचं दार झालं, तुमीबी ऐकलंसा. बारा दारं ऱ्हायली. प्रत्येकाच्या उंबऱ्यावर जाऊन सांगनार हाय.

धाकलू : सांजंला सांग की.

रुक्मा : सांजंपातूर थांबत न्हाई. हिचा पाय कुठं कापंल आनि ही कुनाच्या दारात हात पसरंल, मला काय ठाव?

पुतळी : आये.

रुक्मा : काय गो?

पुतळी : शाळंच्या बाईंकडं पयलं जा. मी दिसले की त्या डबा झाकत्यात.